विजेचा नळ

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हंगामात हिंगोलीत हरिचंद शेठच्या जिनिंगमध्ये विजेचा नळ आला, आणि तो आणण्यात मसाजीचाच हात होता. मसाजी नरसी गावचा. जीनचं तेलाचं इंजन त्याच्या ताब्यात. इंजनघरात शिरताना खुद्द शेठसुद्धा आधी खाकरायचे, एवढा त्याचा दरारा. माणसांशी तो दिवसाला चार शब्द बोलायचा, इंजनाशी मात्र सारखा बोलायचा.

जीनच्या मागे पाण्याची उंच टाकी होती. कापसाला आग लागली तर छताखालच्या नळ्यांतून तिचं पाणी सोडायचं, पण त्यासाठी कुणीतरी शिडी चढून गंजकं चाक फिरवायला हवं. चाक हलेपर्यंत कापूस कशाला थांबतोय! म्हणून मसाजीनं शेठमागं टुमणं लावलं आणि मुंबईचा एजंट विजेचा नळ घेऊन आला. इंजनघरातलं बटण दाबलं की नळावरच्या तारेच्या गुंडाळीत वीज जाते, आतला लोखंडी दट्ट्या वर खेचला जातो आणि पाणी मोकळं होतं.

एजंटानं एकच सवाल केला. वीज नसताना नळ मिटलेला हवा की उघडा?

"मिटलेला," मसाजी म्हणाला. "रातच्याला इंजन बंद, म्हंजी वीज बंद. नळ उघडा ऱ्हायला तर टाकी रिकामी व्हईल. बैलं दिवसभर मोट ओढून ऱ्हायले, ते काय गटार धुवाया?"

एजंट हसला, शेठ हसले. जुनं चाकही मसाजीनंच काढायला लावलं, कारण दोन तोट्या म्हणजे गळायला दोन जागा. त्याचं काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

नळ गुणी निघाला. एकच खोड होती. विहिरीचा गाळ आतल्या बारीक भोकात बसायचा आणि दट्ट्या अडकायचा. मग मसाजी हातोडीनं दोन टिचक्या द्यायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर खालचा बूच काढून दाभणानं भोक साफ करायचा. सासरहून हंगामापुरती आलेली त्याची लेक बना जीनच्या माळ्यावर, सरकी काढणाऱ्या रेच्यांना कापूस भरायची. ती त्याला चिडवायची, "बा, जावयापरीस या नळाचेच लाड करून ऱ्हायलास तू!"

संक्रांत झाल्यावरची दुपार होती. धर्मसिंग जमादार आग आग ओरडत इंजनघरात आला आणि मसाजीनं पहिलं काम केलं ते इंजन बंद करायचं. जीनचा कायदाच तो. फिरत्या पट्ट्यांचा वारा आगीला मिळता कामा नये, म्हणून आधी इंजन, मग पाणी. हा कायदा इतक्या वर्षांत त्याच्या हाताला विचार न करता पाठ झाला होता. इंजन थांबलं. त्यानं बटण दाबलं. पाणी आलं नाही.

"गाळ बसला," तो पुटपुटला आणि हातोडी घेऊन शिडीवर चढला.

टिचक्या झाल्या, मग घाव झाले. बूच काढून त्यानं दाभण घातलं. भोक स्वच्छ होतं. दट्ट्या हातानं ओढायला सोयच नव्हती, सगळं आत सीलबंद. खाली बाया किंचाळत माळ्यावरून उड्या टाकत होत्या आणि हा दाभण फिरवत होता. मग त्याचा हात थबकला. नळाला वीज डायनामोची. डायनामो इंजनावर. इंजन त्यानंच थांबवलेलं, आणि वीज गेली की मिटणारा नळ त्यानंच निवडलेला.

बूच कसाबसा बसवून तो खाली धावला. त्या इंजनाचं डोकं तापून लाल असल्याशिवाय ते सुरू होत नसे. बटण दाबून पाणी आलं नाही तेव्हाच इंजनाकडे वळला असता तर आधीच्या तापावर झालं असतं. आता ते निवलं होतं. त्यानं रॉकेलची बत्ती पेटवली आणि तिची ज्योत इंजनाच्या डोक्यावर धरून बसला.

"बना कुठं हाय?" तो ओरडला.

"वरच हाय," धर्मसिंग म्हणाला. "जिना पेटला."

लोक बादल्या फेकत होते. बनाची हाक त्याला ऐकू आली. उठून धावावं तर बत्ती कोण धरणार, आणि बसावं तर कसं बसावं? पोटची पोर हाक मारतेय आणि बाप लोखंड तापवत बसलाय. तो लहान पोरासारखा रडत होता, पण ज्योत त्यानं हलू दिली नाही.

मग हाक थांबली.

इंजन धडधडलं. जीन फिरू नये म्हणून मसाजीनं रेच्यांकडे जाणारा मोठा पट्टा काठीनं चाकावरून ढकलून दिला. एक ढकल, आणि रेचे जागच्या जागी, डायनामो चालू. हे आधीच करता आलं असतं, हे त्याला काठी हातात असतानाच कळलं. इंजन थांबवायचं कारणच नव्हतं.

त्यानं बटण दाबलं. नळ बराबर उघडला. टाकीतलं सगळं पाणी जळक्या माळ्यावर आणि बनावर पडलं.

तेरावं झाल्यावरही तो घराच्या ओट्यावरून हलला नाही. अनुसयाबाई, त्याची बायको, भाकरी ठेवून शेजारी बसली.

"काहून बोलत न्हाई तुमी?" ती म्हणाली. "शेठ म्हनले, धर्मसिंग म्हनला, मसाजीनं हातचं सोडून आधी इंजन बंद केलं. न्हाईतर लेकराचं तोंडबी बघाया भेटलं नसतं. बापाकडून व्हायचं ते झालं, एवढ्यावरच मी जगून ऱ्हायले."

पट्टा, काठी, वीज, सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"केलं ना तुमी?"

"व्हय," मसाजी म्हणाला. "आधी त्येच केलं."