वकिलाचं म्हणणं

इंदूबाईंनी रिकामी कुंडी पालथी घातली, पदर खोचला, कुंडीवर चढल्या आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे वाकल्या.

पलीकडे नत्थुजींची बाग होती. बाग म्हणजे फुलांची नव्हे. वांगी, भेंडी, कडेला शेवगा आणि मधोमध सांबाराचा वाफा. पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार. वाफ्याचा एक कोपरा पार चेंदला होता. माती उकरलेली होती आणि ती कुणी सारखीही केली नव्हती. वाफ्यात पडलेलं वाळकं पानसुद्धा जो माणूस राहू देत नाही, त्यानं हा कोपरा असाच का ठेवला असेल?

"काय पाहून राह्यल्या बाई?"

नत्थुजी नळाजवळ उभे होते. डाव्या हातात झारी, उजवा हात बंडीच्या खिशात.

"काई नाई. सांबार पाहून राह्यली."

"त्याच्यात काय पाह्यचं आता," ते म्हणाले आणि झारी तिथेच ठेवून घरात निघून गेले.

इंदूबाई सावकाश खाली उतरल्या. त्याच कोपऱ्यात त्यांचं मांजर कुत्र्यांनी मारलं होतं.

मांजर म्हणजे बोका. अंगानं काळाकुळकुळीत, गळ्याशी पांढरा पट्टा आणि बोलण्याची भारी हौस. इंदूबाईंची सगळी नोकरी अचलपूरच्या कोर्टात स्टेनो म्हणून गेली होती. त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी वकील म्हटलं आणि तेच नाव पडलं. नवरा गेल्यावर त्या अमरावतीच्या या कॉलनीत राहायला आल्या. लेक दीक्षा नोकरीला नागपुरात. घरात बोलायला काय तो वकील. दुधाला उशीर झाला की तक्रार, दार उघडलं की तक्रार, लावलं की तक्रार. इंदूबाई सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "बरं वकीलसाहेब, आता पुढची तारीख घ्या."

त्या सकाळी त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. परत आल्या तर नत्थुजी त्यांच्या फाटकाशी उभे. हातात नव्याकोऱ्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुमचा वकील गेला बाई," ते म्हणाले. "कुत्र्यायनं धरला, माह्या वाफ्यात. एका झटक्यात गेला. काई तकलीफ नाई झाली त्याले."

खड्डाही त्यांनीच खणला, इंदूबाईंच्या सीताफळाखाली. इंदूबाई बाजूला उभ्या होत्या. अर्धा जबडा बधिर होता. शब्द नीट फुटेना आणि रडूही तोंडाच्या एकाच बाजूनं आल्यासारखं झालं. पंचा उघडून बघावा असं त्यांना वाटलं, पण हात पुढे झाला नाही. एका टोकातून शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं. मग त्यावर माती पडली.

नंतरचे काही दिवस त्या खुर्चीवर बसण्याआधी हातानं चाचपून पाहत. मागचं दार बोटभर उघडं ठेवत. दीक्षा फोनवर म्हणाली, "आई, आपण दुसरं एखादं आणू."

"आणशीन. पण हा कसा मेला ते तं पहिले समजू दे."

"काकांनी सांगितलं ना कसा ते."

सांगितलं होतं, आणि तेच तर इंदूबाईंना टोचत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून पुन्हा विचारलं तेव्हा नत्थुजींनी तीच तीन वाक्यं त्याच क्रमानं म्हटली होती. कुत्र्यायनं धरला. एका झटक्यात गेला. काई तकलीफ नाई झाली. जन्मभर साक्षीदारांचे जबाब टाइप केलेल्या बाईला एवढं कळत होतं की, पाहिलेली गोष्ट माणूस दर वेळी थोडी वेगळी सांगतो. पाठ केलेली मात्र तशीच्या तशी.

आणि इतरही गोष्टी होत्या. नत्थुजींचं फाटक कायम बंद असे, कडीला वरून तार गुंडाळलेली. मग कुत्री आत शिरली कशी? एका झटक्यात गेला, तर त्यांचा ओटा भर सकाळी धुतलेला का होता? कॉलनीत नळ एक दिवसाआड येतो, त्या दिवशी पाळी नव्हती. पिंपात भरून ठेवलेलं पाणी नत्थुजी रोपांनासुद्धा मोजून घालत.

सगळ्यात वाईट म्हणजे एक जुनं वाक्य होतं. वकिलाला सांबाराच्या वाफ्यातली भुसभुशीत माती फार आवडे. घाण करायलाही तीच, झोपायलाही तीच. नत्थुजी तेल्हाऱ्याकडचे शेतकरी. वावर थोरल्याकडे सोपवून धाकट्याकडे, शिवमकडे राहायला आलेले. शिवम आणि सून अपेक्षा, दोघंही नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला. दिवसभर म्हातारा आणि त्याचे वाफे. रोज सकाळी ढेकूळ उचलून ते वकिलाला हाणत आणि भिंतीकडे तोंड करून ओरडत. दिवाळीच्या सुमारास एकदा ते म्हणाले होते, "एक दिवस कुत्रेच सोडतो मी तुमच्या वकिलावर!"

तेव्हा इंदूबाई हसल्या होत्या. आता ते वाक्य त्यांना झोपू देत नव्हतं. भिंतीपलीकडे झारीचा आवाज झाला की त्यांच्या हातातलं काम थांबे. शेजार असा कसा निभवायचा, हे काही त्यांना उमगत नव्हतं.

रविवारी अपेक्षा वाटीभर वांग्याची भाजी घेऊन आली. वाटी ओट्यावर ठेवून ती तिथेच घुटमळली.

"काकू, एक विचारू? मामाजी सकाळचे कुठं जातात, तुमाले दिसते का?" सासऱ्यांना ती मामाजी म्हणे.

"कावून?"

"मधी दोनदा गेले. इचारलं तं म्हणतात, बीपीची गोळी आणाले गेल्तो. गोळ्या तं घरात भरून हायेत. जेवणात बी ध्यान नाई त्यायचं." तिनं आवाज खाली घेतला. "तुमच्या वकिलाच्या दिवसापासून असंच सुरू हाये."

इंदूबाईंनी वाटी उचलली, झाकली, पुन्हा तिथेच ठेवली.

दोन दिवसांनी शिवम-अपेक्षाची गाडी कामाला गेली आणि थोड्याच वेळात नत्थुजी धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर पडले. इंदूबाईंनी चप्पल घातली, कुलूप लावलं आणि त्याही निघाल्या. आपण हे काय करतोय, असं त्यांनी स्वतःला एकदा विचारलं खरं, पण पाय थांबले नाहीत. ते शेअर ऑटोत बसले, त्या मागच्या ऑटोत. राजकमल चौकाच्या पुढे नत्थुजी उतरले आणि सरकारी दवाखान्याच्या फाटकातून आत गेले. ते केसपेपरच्या रांगेला लागले नाहीत. खिशातून घडी केलेला जुना केसपेपर काढून, वाट पाठ असल्यासारखे सरळ व्हरांड्याच्या शेवटच्या खोलीकडे वळले.

खोलीवर पाटी होती : श्वानदंश लसीकरण.

इंदूबाई दाराबाहेरच्या खांबाशी थांबल्या. म्हणजे कुत्री ह्यांनाही चावली होती तर. आणि हे लपवून ठेवलं. का लपवलं? ज्यानं कुत्र्यांना आत घेतलं त्यालाच ती उलटून चावली, हे कोणत्या तोंडानं सांगणार? इंदूबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. पण हिशेब जुळत होता.

आत सिस्टर केसपेपर उलटसुलट करत होती. "आजोबा, अक्षर समजत नाही हे. कितवी सुई तुमची?"

"तिसरी."

"कुत्रं ना?"

"नाई. मांजर."

इंदूबाईंचा खांबावरचा हात खाली आला.

"पाळीव होतं?"

"पाळीव."

"आता कसं आहे ते? खातं-पितं?"

"मेलं."

सिस्टरनं मान वर केली. "कशानं?"

"कुत्र्यायनं फाडलं. मी सोडवून मांडीवर घेतलं, तवा चावलं."

"मांजराला लस दिली होती का?"

"मले नाई माईत. माह्यं नोतं ते."

"मग कुणाचं होतं?"

नत्थुजी हाताकडे बघू लागले. खिशातून काढलेला उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला होता. अंगठ्याखाली खपल्या धरल्या होत्या.

"माझं," दारातून इंदूबाई म्हणाल्या. "लस दिली होती त्याले. दरसाली."

नत्थुजींनी वळून पाहिलं आणि ते पुन्हा समोर बघायला लागले. सिस्टरला त्या दोघांशी काही देणंघेणं नव्हतं. "तरी सुया पूर्ण करायच्या," ती म्हणाली. दंडात सुई टोचली आणि अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं.

व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसले. मधे एका माणसाची जागा सोडून. समोर एक बाई लहान पोराला बिस्किट चारत होती.

"मांडीवर घेतला म्हंजे जित्ता होता," इंदूबाई म्हणाल्या.

"होता."

"तुमी तं म्हणाले एका झटक्यात."

"म्हनलं."

"किती वेळ होता?"

नत्थुजींनी दुपट्टा सोडून गुडघ्यावर ठेवला. "शेणखताचा हातगाडा येणार होता. म्हून फाटक उघडून ठेवलं होतं. तिघं-चौघं कुत्रे एकदम घुसले. तुमचा वकील सांबारात झोपला होता. मी वरडलो. ढेकूळ हाणलं त्याले, पळ म्हून." ते थांबले. "पण माह्या ढेकलाले तो भीतच नोता बाई. मी कधी नेम धरून मारलंच नाई ना. त्याले वाटलं, रोजचंच हाये. डोळे बी उघडले नाई त्यानं."

इंदूबाई समोरच्या पोराकडे बघत होत्या.

"फावडं घेऊन धावलो तोवर कंबर मोडली होती त्याची. मंग घेऊन बसलो ओट्यावर. पाणी लावलं तोंडाले. गाडेवाला आला, खत टाकून गेला बी. मले म्हणे, बाबा, मेलं तं फेका. मी म्हनलं, मेलं नाई."

"चावला तवा सोडला कावून नाई?"

"सोडला असता तं घासटत गेला असता कुठी तरी. कुत्रे फाटकातच होते."

"अन् मले खोटं कावून सांगतलं?"

"खरं सांगून तुमाले काय भेटणार होतं?" नत्थुजी थोडे चिडूनच बोलले. मग त्यांचा आवाज उतरला. "अन् मी बोललो होतो ना एकदा, कुत्रे सोडतो म्हून. तुमच्या ध्यानात असन ते."

"होतं ध्यानात."

"त्याच्या बी ध्यानात होतं."

"कोणाच्या?"

"वकिलाच्या. चावून झालं अन् मंग गुरगुरत राह्यला. जीव जाईपर्यंत गुरगुरला माह्यावर. मी म्हनलं, बाप्पा, मी नाई सोडले रे कुत्रे. पण त्याले काय समजते." त्यांनी दुपट्ट्यानं मान पुसली. "ते गुरगुरणं कानातून जात नाई माह्या. जेवाले बसलो की ऐकू येते."

इंदूबाई पहिल्यांदाच त्यांच्याकडे पूर्ण वळल्या. "कसा गुरगुरत होता?"

"कसा म्हंजे?"

"दात काढून? कान मांगं टाकून?"

नत्थुजींनी आठवून पाहिलं. "नाई. तोंड बंद होतं. डोळे अर्धे मिटले होते. आतल्या आत चालू होतं काईतरी. पाठीवर हात ठेवला तं हाताले लागे."

इंदूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग ओठ मिटले, हनुवटी थोडी खाली घेतली आणि घशातून एक आवाज काढला, बारीक, न तुटणारा. समोरचं पोर बिस्किट खायचं थांबलं.

"असं?"

"हो," नत्थुजी म्हणाले. "अस्संच."

"हे गुरगुरणं नाई नत्थुजी. घुरघुर म्हणतात याले. हे येगळं असते."

"मंग हे कवा करते मांजर?"

अचलपूरला असताना जनावरांच्या एका डॉक्टरनं इंदूबाईंना सांगितलं होतं की, मांजर दोन वेळा घुरघुरतं. सुखात असलं म्हणजे, आणि फार दुखत असलं म्हणजेही. तेव्हा ते स्वतःचीच समजूत घालत असतं. आवाज दोन्ही वेळा एकच. ऐकणाऱ्याला फरक सांगता येत नाही, असं तो म्हणाला होता.

"कोणाच्या मांडीवर बरं वाटलं की करते," त्या म्हणाल्या.

आणि दुसरी वेळ सांगितली नाही.

नत्थुजी बराच वेळ स्वतःच्या मांडीकडे बघत राहिले. आतून सिस्टरनं कुणाचं तरी नाव पुकारलं. पोराची आई उठून गेली.

"मले काय माईत," शेवटी ते म्हणाले. "आमच्या घरी कधी मांजर नोतं."