केशरी चाटण

पोरीचं शाळेतलं नाव काहीही असो, घरी ती भिंगरी. दिवसभर गिरक्या घेत फिरायची म्हणून भिंगरी. ती फिरायची थांबली तेव्हा आईबापानं तिला दवाखान्यात नेलं. पोट दुखतं म्हणे, जेवायचं नाही म्हणे, खेळायला हाक आली तरी भिंतीला टेकून बसलेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "घरात शिशाचं काम कोण करतं?"

बाप गाड्यांच्या जुन्या, शिशाच्या बॅटऱ्या फोडून दुरुस्त करणारा. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. सर्वांत आधी त्याची स्वतःचीच वळली.

"बाहेरचं काही औषध? पुड्या, काढे?" बाईंनी विचारलं.

"छे छे, काही नाही," दोघं एका सुरात म्हणाली.

त्या दिवसापासून बापानं स्वतःला वाळीत टाकलं. अंघोळ दुकानातच, कामाचे कपडे तिथल्याच खुंटीला, चपला दाराबाहेर. पोर जवळ आली की हा दोन पावलं मागं. मांडीवर घेणं नाही, खांद्यावर बसवणं नाही.

"अहो, लेक आहे ती तुमची, मास्तर नाही तोंड चुकवायला!" बायको म्हणायची. त्याला हसू यायचं नाही.

एकच लाड त्यानं सोडला नव्हता. सकाळी साबणानं तीनतीनदा हात धुवायचे, मधाच्या थेंबात चिमूटभर केशरी पूड कालवायची आणि भिंगरीच्या जिभेवर ठेवायची. भूक लागावी, अन्न अंगी लागावं म्हणून. त्याच्या आईनं त्याला दिली होती, आजीनं आईला. बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून तो स्वतः रंग बघून, वास घेऊन आणायचा. पोरीचं पोट जास्तच दुखू लागलं, तशी त्यानं चिमूट थोडी मोठी केली.

महिन्यानं पुन्हा रक्त काढलं. आकडा उतरला असणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. कागदावर तो दुपटीला जाऊन बसला होता.

"कसं शक्य आहे?" त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, मी तिला कडेवरसुद्धा घेत नाही हो!"

बाई भिंगरीपुढे वाकून म्हणाल्या, "राणी, आज उठल्यापासून काय काय खाल्लंस, सांग बरं मला. अगदी पहिल्यापासून."

"पहिलं बाबांचं बोट."

"अगंबाई! गोड असतं वाटतं बाबांचं बोट?"

"मध असतो ना त्याला. आणि केशरी माती."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"ते औषध थोडंच आहे, बाई," आई गोंधळून म्हणाली. "ते आपलं घरचं चाटण."

बाप घरी पळत जाऊन डबी घेऊन आला. तपासणीची खोली खालच्याच मजल्यावर होती. तासाभरात उत्तर आलं. निम्म्याहून जास्त पूड म्हणजे नुसतं शिसं.

त्याला ऐकू आलं, पण कळलं नाही. मग कळलं, आणि काहीच ऐकू येईना. महिनाभर ज्या कपड्यांना, ज्या चपलांना त्यानं शिव्या घातल्या, ती बिचारी घराबाहेरच राहिली होती. आत शिरलं होतं ते त्याच्याच हातून, मध लावून.

"हिला आजच दाखल करू," बाई सांगत होत्या. "शिसं उतरवायचं औषध आहे. वेळेत आलात, असं आत्ताच म्हणता येत नाही मला. पण आलात." मग थबकून त्यांनी विचारलं, "ही पूड आणखी कुणाला दिलीत?"

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. परवाच त्यानं मोठ्या कौतुकानं धाकट्या बहिणीकडे एक पुडी पोचती केली होती. तिच्या बाळाला दात येत होते.

त्यानं तिथूनच बहिणीला फोन लावला.

"बोल रे दादा! तुझ्या भाच्याला चाटण देतेय, एक मिनिट हं."

"बोट काढ!" तो एवढ्यानं ओरडला की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. "आधी त्याच्या तोंडातून बोट काढ!"

पलीकडे वाटी घरंगळल्याचा आवाज आला. बाळानं भोकाड पसरलं.

"वेड लागलंय का तुला?" बहीण चिडली. "रडवलंस ना त्याला!"

"रडू दे," तो म्हणाला. "गिळलं का, तेवढं सांग. त्यानं गिळलं का गं?"