अठरा सेंटिमीटरवरचं लंडन

मी पंचवटीतल्या एका शाळेतला जुना पृथ्वीगोल आहे. जुना म्हटलं तरी दिमाख कायम आहे बरं का, मित्रांनो! १९७१ साली मी आलो, तेव्हा मला नुसतं गरकन फिरवायला मुलांची रांग लागायची. मग भिंतीवर नवा रंगीत नकाशा आला. माझी विषुववृत्तावरची शिवण उकलली आणि ऑफिसातल्या कपाटावर, धुळीत माझी बदली झाली.

८२च्या जानेवारीत मुख्याध्यापक खंडेराव सर म्हणाले, "पुंजाराम, शनिवारी हा भंगारात टाका."

पण शनिवारच्या आधी शुक्रवार आला!

नववीतल्या सगुणाचा दादा गोरक्ष त्या दिवशी कारखान्याच्या ट्रेनिंगला लंडनला निघाला होता. विमान मुंबईहून सकाळी साडेसहाला सुटणार, लंडनला दहाला उतरणार. उतरल्यावर तो शाळेच्या फोनवर कळवणार होता. म्हणजे साडेतीन तास, असा घरच्यांचा हिशेब! त्याची आजी आक्काबाई सकाळपासून फोनपाशी बसलेली. "गोरख पोचल्याबिगर पाण्यालाबी शिवणार नाय मी."

अकरा वाजले. बारा वाजले. एक वाजला. फोन मुका. म्हातारीचे ओठ सुकले. "माझं लेकरू पडलं गं कुठंतरी!"

शिपाई पुंजाराम चहा ठेवत म्हणाला, "आक्का, पुण्याला जायला यष्टी सहा तास घेती. अन् लंडन साडेतीन तासांत? काहीतरीच!"

सगुणा ताडकन उठली. स्टुलावर चढून तिनं मला खाली काढलं, ओढणीनं पुसलं. आहाहा, किती दिवसांनी! तिनं मुंबईपासून लंडनपर्यंत माझ्या पोटावर दोरा ताणला. अठरा सेंटिमीटर. माझ्या बैठकीवर लिहिलंच आहे, एक सेंटिमीटर म्हणजे चारशे किलोमीटर. झाले सात हजार दोनशे! विमान ताशी आठशेनं गेलं तर नऊ तास.

"आजी, ते दहा तिकडच्या घड्याळातले! तिकडं आपल्यापेक्षा साडेपाच तास उशिरा उजाडतं. दादा अजून हवेत आहे. साडेतीनला उतरेल."

"तुझा चेंडू सांगतो व्हय?"

"चेंडू नाही, पृथ्वी आहे ती!"

माझी छाती अशी फुगली, की शिवण आणखी उसवली!

साडेतीन झाले. चार झाले. मलाच घाम फुटला. पावणेपाचला फोन खणाणला.

"आजी, पोचलो गं! लय थंडी हाय!"

आक्काबाईनं डोळे पुसले आणि माझ्यासमोर बसून भाकरी खाल्ली. जाताना तो दोरा तिनं पदराच्या गाठीत बांधला. "माझा गोरख एवढ्याच अंतरावर हाय."

शनिवारी भंगारवाला आला. पण शुक्रवारचं सगळं पाहिलेल्या खंडेराव सरांनी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं, मला टेबलावर ठेवलं आणि शिवणीला स्वतः खळ लावली.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कपाटावर कुणी माझा भाऊबंद असेल. त्याला खाली काढा, पुसा. आणि हो, दोरा घरूनच आणा. माझा आक्काबाईकडे आहे.