स्टीलची बाटली

“काका, आठच्या सुमाराचा तो शॉट तुमचाच ना?”

नकुलनं पिकअपच्या मागच्या फळीवर थर्मास ठेवला आणि कॉफी ओतता ओतता विचारलं. प्रतापरावांनी हातमोजे काढायला उगाचच वेळ लावला.

“माझाच. हुकला.”

“क्लीन मिस? ब्लड वगैरे काही दिसलं?”

“नाही रे. काही नाही.”

“मग ठीक आहे. पहिल्या वर्षी सगळेच मिस करतात. डोन्ट वरी.”

त्यानं कप पुढे केला. प्रतापरावांनी तो घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. एकोणसाठाव्या वर्षी आपण इतकं सहज खोटं बोललो, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

नकुल हा प्रतिमाचा, शेजारणीचा मुलगा. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात दोन्ही घरांचा तीस वर्षांचा शेजार. नकुलला सायकल शिकवली ती प्रतापरावांनी, सीटला मागून धरून, धावून धावून. आता तो चौतीस वर्षांचा होता, आगीच्या बंबावर नोकरीला होता, आणि दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचा. इकडे प्रतापरावांना मात्र गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात अठ्ठावीस वर्षं घालवल्यावर कंपनीनं केक कापून घरी बसवलं होतं. गणपतीच्या जेवणात नकुल सहज म्हणाला, “काका, या वर्षी चला माझ्याबरोबर,” तेव्हा पंगतीत हशा पिकला. त्या हशानंच ते हट्टाला पेटले.

“कढीपत्त्यावरचा मावा मारवत नाही तुम्हाला, आणि हरीण मारणार?” त्यांची बायको उल्का म्हणाली होती.

पण त्यांनी रीतसर कोर्स केला. परीक्षेत शंभरात शहाण्णव मिळाले. चाळीस वर्षांत कोणी त्यांना मार्क दिले नव्हते, ते त्यांनी फ्रिजवर लावून ठेवले. त्या कोर्सात एक गोष्ट तीनतीनदा सांगितली होती. गोळी लागली की अर्धा तास जागचं हलायचं नाही. हरीण थोडं पळतं, आडवं होतं आणि निवांत जातं. तुम्ही जवळ गेलात, तर भीतीनं पुन्हा उठतं आणि कुठवर पळेल त्याचा नेम नाही. हा प्रश्न परीक्षेतही होता. त्यांचं उत्तर बरोबर आलं होतं.

सकाळी हरणाची एक मादी झाडांतून आली आणि त्यांनी घाईनं चाप ओढला. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. ती चार उड्या मारून ओकच्या झाडाखाली बसली. मान वर होती. तोंड उघडत होती, मिटत होती.

प्रतापरावांनी बंदूक रिकामी करून मचाणाला अडकवली आणि ते शिडीवरून खाली उतरले. हातात पाण्याची बाटली होती.

त्या वेळी डोक्यात फक्त सांगलीची खोली होती. आठ वर्षांपूर्वी त्यांचे वडील, आप्पा, गेले ते फोनच्या पडद्यावर. तिकीट काढलं होतं, परवाचं. बहीण मालिनी आप्पांच्या उशाशी भांडं घेऊन बसली होती आणि हे इथं किचनमध्ये उभे राहून सांगत होते, “माले, दोन थेंब माझ्या नावानं घाल.” तिनं घातले. ते आप्पांच्या हनुवटीवरून ओघळले, तेवढं स्पष्ट दिसलं.

दहा पावलांवर गेल्यावर मादीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती उठली. पोटाशी लोंबतं काहीतरी घेऊन ती दलदलीकडे पळाली. पाचोळ्यावर तळहाताएवढे लाल डाग उरले.

मग त्यांनी जे केलं, ते त्यांना नकुलपासूनच काय, स्वतःपासूनही लपवावंसं वाटत होतं. त्यांनी बुटानं पाचोळा ओढून ते डाग झाकले. एकेक करून, नीट.

कॉफी निवून गेली. नकुल गेल्या वर्षीची काहीतरी गंमत सांगत होता. तेवढ्यात उल्काचा फोन आला.

“मारलंत का?”

“नाही. हुकला.”

“बाई गं, सुटले! सकाळपासून देवापाशी निरांजन लावून बसलेय, ह्यांच्या हातून काही होऊ देऊ नकोस म्हणून. प्रतिमाला पण सांगते. या लवकर, शिरा केलाय. केळं घालून.”

तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. प्रतापरावांनी फोन ठेवला. दलदलीच्या बाजूला दोन कावळे ओरडत होते.

“नकुल.”

“हं?”

“लागलीये तिला. पोटात.”

नकुलच्या हातातला कप तसाच राहिला. “व्हॉट? पण तुम्ही आत्ता म्हणालात...”

“खोटं बोललो. रक्त होतं. मी झाकलं.”

“झाकलं? काका, दोन तास झाले! ती कुठेतरी...” त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं. “पडली होती का?”

“बसली होती. मी खाली उतरलो.”

“पण का? तुम्हाला माहीत होतं ना, वेट करायचं!”

“पाणी द्यायला,” प्रतापराव म्हणाले.

नकुल हसला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. त्यानं कॉफी जमिनीवर ओतून दिली आणि नारिंगी जाकिटाची चेन वर ओढली. “चला. दाखवा कुठे.”

ओकच्या झाडाखाली प्रतापराव गुडघ्यांवर बसले आणि त्यांनीच ओढलेला पाचोळा हातानं बाजूला करू लागले. नकुल शेजारी उभा होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणत होता, “हं, इथे. नेक्स्ट कुठे?” लहान मुलाशी बोलावं तसं, सावकाश.

माग काढायला दोन तास लागले. कुठे गवताच्या पात्यावर, कुठे पडलेल्या खोडावर. तीन ठिकाणी ती बसली होती, उठली होती. प्रत्येक ठिकाणी नकुल थांबला, आणि प्रतापरावांनी मान खाली घातली.

ओढ्याच्या काठी ती सापडली. पुढचे पाय पाण्यात, काठाच्या पापुद्र्यासारख्या बर्फातून तोंड खाली गेलेलं. नकुलनं लांब काडीनं तिच्या डोळ्याला हळूच स्पर्श केला. पापणी हलली नाही.

“इथवर पोचायला तिला किती वेळ लागला असेल रे?”

“माहीत नाही, काका.” नकुल खाली बसला. “पोटात लागलं की हरणं पाण्याकडेच जातात. ऑलवेज.”

त्यानं खिशातून परवान्याचं लेबल आणि चाकू काढून त्यांच्या हातात दिला. शिकारीची नोंद म्हणून लेबलावरचा आजचा महिना आणि तारीख कापायची होती. प्रतापरावांनी कापली. लेबल पायाला बांधताना सुतळीची गाठ दोनदा सुटली. नकुल मदतीला आला नाही, ते त्यांना बरं वाटलं.

“मी ओढतो. तुम्ही डोकं धरा, खाली घासायला नको.”

त्यांनी दोन्ही हातांनी तिचं डोकं उचललं. अजून कोमट होतं. तोंडातलं पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत गेलं, आणि मग चढावर, वाटेनं, थेंब थेंब पाचोळ्यावर पडत राहिलं. कोटाच्या खिशातली भरलेली बाटली दर पावलाला मांडीवर आपटत होती. पिकअप दिसू लागली तरी त्यांनी ती बाहेर काढली नाही.