मागच्या सीटवरची मधली जागा

मित्रांनो, माझ्यासोबत जरा एक कल्पना करा. तुम्ही एका बाकावर बसला आहात. डावीकडे एक मोठं माणूस बसलं आहे, उजवीकडे दुसरं. तुमच्या पायांखाली कोणीतरी उंच पाट सरकवला आहे, त्यामुळे गुडघे पोटाशी आले आहेत. पाठीला टेकायला मऊ असं काही नाही. खिडकी दोन्ही बाजूंना आहे, पण तुमची एकही नाही. आता हा बाक घाटातल्या वळणांवरून चालला आहे. किती वेळ बसवेल?

तुम्ही आत्ता जिथे बसलात, तीच मी. मी एका जुन्या, छोट्या गाडीच्या मागच्या सीटवरची मधली जागा आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका साच्यात झाला. कडेला बसणाऱ्या दोघांसाठी फोममध्ये दोन छान खळगे केले गेले. त्या दोन खळग्यांच्या मधे जो उंचवटा उरला, तो म्हणजे मी. माझ्यासमोर, पाय ठेवायच्या जागीही गाडीच्या तळाचा एक कणा वर आलेला आहे. यात कोणाचा दोष नाही. छोट्या गाडीत तिघांची रुंदी आणायची कुठून? बनवणाऱ्यांनी दोघांची नीट सोय केली आणि तिसऱ्याला मला देऊन टाकलं. कागदावर मात्र गाडी पाच जणांची झाली.

मी आले ती खालापूरकडच्या एका गावात, जितेशच्या अंगणात. जितेश रसायनीच्या कारखान्यात नोकरीला आहे. घरात त्याचे वडील मालोजी, आई चंद्राबाई, बायको नम्रता आणि मुलगी सुरभी.

माझेही चांगले दिवस होते बरं का. सुरभी लहान असताना तिला मीच हवी असायची. त्या वर आलेल्या कण्यावर उभी राहून, पुढच्या दोन सीटांच्या मधून ती समोरचा रस्ता बघायची. "आपली गाडी पयली," असं म्हणायची. मग ती मोठी झाली आणि तिला खिडकी हवीशी वाटू लागली. मुलं मोठी होतात, त्यात रागावण्यासारखं काय आहे? पण त्यानंतर मला आवडीने कोणी निवडलं नाही.

त्यानंतर माझ्यावर चंद्राबाई बसू लागल्या. त्यांना कोणी तिथे बसवलं नव्हतं. मालोजींचे पाय लांब, शिवाय घरातले मोठे, म्हणून ते पुढे. नम्रताला घाटात मळमळतं, म्हणून तिला एक खिडकी. दुसरी सुरभीला. "मला कुठं पण चालतं," असं म्हणत आजी मधे सरकायच्या, आणि सगळ्यांना ते खरं वाटायचं.

मला मात्र माहीत होतं. वळण आलं की त्या दोन्ही हात पुढे करून पुढच्या सीटांचे कोपरे घट्ट धरायच्या. गाडी थांबली की लगेच उतरायच्या नाहीत. तळव्याने गुडघा चोळत बसायच्या. इतरांना वाटायचं, पिशवी शोधतायत. मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण सीटला तोंड नसतं, मित्रांनो.

आजींची धाकटी बहीण कोंडी कर्जतच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला राहते. तिला आता घराबाहेर पडवत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळे तिला भेटायला जायचे. हळूहळू आजी म्हणू लागल्या, "तुमी जावा. मला घरी काम हाय." बहिणीसाठी वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या मात्र न चुकता द्यायच्या. तो डबा माझ्यावर ठेवला जायचा. निघताना तो ऊन असायचा, आणि कर्जत येईपर्यंत थंड पडलेला असायचा. तिकडे कोंडीबाई दारातच विचारायच्या, "आक्का आजपण नाय आली?"

"आईंना आता प्रवास नको वाटतो," नम्रता म्हणायची. ते सगळ्यांना पटलं होतं.

मग नवी गाडी घ्यायचं ठरलं. एका रविवारी शोरूमचा नरेश आणि त्याचा सोबती दोन गाड्या दाखवायला घरी घेऊन आले. एक बुटकी, मागे उतरत्या छपराची, आत टीव्हीसारखा मोठा पडदा असलेली. दुसरी उंच आणि साधी.

"पाच जण आरामात बसतात," नरेश म्हणाला.

"आमची पाच का तुमची पाच?" मालोजींनी विचारलं. "तुमच्या जाहिरातीतली माणसं लई बारीक असतात."

"काका, आधी बसून तर बघा."

मालोजी बुटक्या गाडीत पुढे बसले, सीट जाईल तेवढी मागे ढकलली आणि म्हणाले, "मस्त हाय रं." जितेशचं लक्ष पडद्यावर होतं. नम्रता डिकी बघत होती.

"आई, तुम्ही पण बसून बघा ना," तिने हाक मारली.

आजी ओट्यावर वाल सोलत होत्या. "मला काय बगायचाय? मला कुठं पण चालतं."

बुटकी गाडी चालवून बघायला निघाले, तेव्हा नरेश पुढे बसला. त्यामुळे मालोजी मागे आले. त्यांनी एक खिडकी घेतली, नम्रताने दुसरी, आणि कितीतरी दिवसांनी सुरभी मधे बसली. घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत जाऊन ते परत आले. सुरभी उतरली आणि तळव्याने गुडघा चोळू लागली. ते बघून मला कोणाची आठवण झाली असेल, ते तुम्हीच ओळखा.

"हीच घेऊ," जितेश म्हणाला.

सुरभी जुन्या गाडीकडे वळली. ती माझ्याकडे आली, दार उघडून आत सरकली आणि माझ्यावर बसली. पाय त्या कण्यावर ठेवले. मग तिचे हात आपोआप पुढे गेले. पुढच्या दोन्ही सीटांच्या कोपऱ्यांवर कापड विरून धागे वर आले होते. एका पंजाएवढं इकडे, एका पंजाएवढं तिकडे. ती जागा तिच्या हातापेक्षा मोठी होती.

"आजोबा, जरा इकडं या," तिने हाक मारली. "इथं बसा."

"मी? मधे?"

"हां. मधेच."

मालोजी कसेबसे अंग मुडपून आत आले. "अगं, पाय कुठं ठेवू? खिशात?"

सगळे हसले. सुरभी हसली नाही. तिने त्यांचे दोन्ही हात धरून त्या विरलेल्या कापडावर ठेवले. "इथं धरा."

मालोजींनी कापडावरून बोट फिरवलं. मग मान वळवून ओट्याकडे बघितलं.

"अगं, इतकी वर्सं तू हितं बसायचीस?"

"मग कुठं बसणार?" आजी म्हणाल्या. "पुढं तुमी. हिला मळमळतं. पोरगी लहान." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. फडताळात कुठला डबा कुठे ठेवलाय, ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"म्हणून तू कोंडीआजीकडं येत नाय?" सुरभीने विचारलं.

आजी वालाची सालं गोळा करू लागल्या. "गुडघा ऐकत नाय गं. कोंडीशी काय, फोनवर बोलणं व्हतंच."

त्यानंतर आजींना दोन्ही गाड्यांत बसवून बघितलं. बुटक्या गाडीत त्यांना खाली वाकून स्वतःला आत टाकावं लागलं, आणि बाहेर यायला नम्रताचा हात लागला. उंच गाडीत मात्र खुर्चीवर बसावं तशा त्या बसल्या आणि आपल्या आपण उतरल्या. जितेशने नरेशला सांगितलं, "ही उंच गाडी मला नीट बघायचीय."

तोवर सुरभी तिच्यातही मधे बसून आली होती. "हिच्यातपण मधलं तसंच हाय."

"छोट्या गाडीत मधली जागा अशीच असते गं," नरेश म्हणाला. माझ्याबद्दल खरं बोललेला तो पहिलाच माणूस.

मित्रांनो, नवी गाडी आली की ही जुनी गाडी जाईल, आणि तिच्याबरोबर मीही. कुठे, ते मला कोणी सांगितलेलं नाही. कोणी माझ्यावर बसेल, की नुसत्या पिशव्या ठेवील, कोण जाणे. जाण्याआधी एवढंच सांगते. गाडी बघायला जाल तेव्हा पुढची सीट पुढे बसणाऱ्याच्या उंचीप्रमाणे लावा, आणि मग तिच्या मागे जाऊन बसा. गुडघे कुठे येतात बघा. मधेही बसा, अगदी वळणावळणाचा रस्ता येईपर्यंत. आणि घरात जे माणूस "मला कुठंही चालतं" असं म्हणतं, त्याला सगळ्यात आधी बसवून बघा. मी छोटी आहे, छोटीच राहणार. पण माझ्यावर रोज एकाच माणसाने बसावं, असं कुठे ठरलेलं आहे?

त्या दिवशी नरेश गेल्यावर जितेश म्हणाला, "नवी गाडी आली की आईला घेऊन जाऊ मावशीकडं."

सुरभीने ते ऐकलं. मग ती ओट्याशी गेली, आजीच्या चपला उचलल्या आणि जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या, आजोबा बसायचे त्या दाराशी नेऊन ठेवल्या. दार उघडं ठेवून ती मागे आली आणि माझ्यावर बसून आजीची वाट बघू लागली.