हजेरीत राहून गेलेलं कासव

मी एक जुना प्रोग्राम आहे. वय वर्षं अकरा. मला हात नाहीत, पाय नाहीत, आवाज नाही. पण मित्रांनो, जनावरांच्या एका दवाखान्यात येऊन गेलेल्या प्रत्येक प्राण्याचं वजन, आजार आणि चावण्याची सवय माझ्या लक्षात आहे. आज मी जेवणाच्या डब्याएवढ्या एका पेटीत राहतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जागा होतो. पूर्वी असा नव्हतो. पूर्वी मी चांगला गलेलठ्ठ होतो आणि माझ्या आळसाची सगळे टिंगल करायचे.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई घरी यायच्या त्या काखेत दोन फुगलेल्या वह्या मारून. वह्यांची पानं सुटली होती आणि एका पानावर तर मांजराने चक्क पंजाची सही केली होती. त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आई तिला ठमी म्हणायची. "हे सगळं मी संगणकात घालून देते," असं ठमी म्हणाली, आणि सुट्टीचे दोन महिने बसून तिने मला लिहिलं.

प्रत्येक प्राण्यासाठी माझ्यात एक वेगळं पान आहे. आई भाजी निवडता निवडता सांगायची, ठमी टाइप करायची. गायीचं दूध किती, हे गायीच्या पानावर. पोपटाचं वजन ग्रॅममध्ये, हे पोपटाच्या पानावर. कासवापाशी आल्यावर मात्र आईने हातातली सुरी खाली ठेवली.

"गुरांना जंतांवर जे इंजेक्शन देतो ना, ते कासवाला कधीही द्यायचं नाही. हातपाय लुळे पडतात, जीवही जातो. हे लाल रंगात लिही. मोठं लिही."

"अगं आई, कासव घेऊन कोण येतंय इथे?"

"येईल तेव्हा तू तिथे नसशील, मीही नसेन कदाचित. लिही म्हटलं ना."

ठमीने लिहिलं. पण त्याच दिवशी तिने एक चलाखीही केली. कुठल्या प्राण्याला कुठलं पान, याची यादी करायचा तिला कंटाळा आला. म्हणून तिने मला शिकवलं, की समोर प्राण्याचं जे नाव येईल त्या नावाने हाक मारायची; त्या नावाचं पान आपोआप पुढे येईल. आणि समजा एखाद्या हाकेला कुणी ओ दिली नाही, तर गडबडून जायचं नाही. एक साधं, सगळ्यांना चालणारं पान दाखवायचं. वीसेक ओळी लिहायच्या वाचल्या म्हणून ती खुर्चीवर बसून गोल गोल फिरली. मलाही तेव्हा ती युक्ती फार आवडली होती.

मित्रांनो, मी जावा नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. संगणकाला ही भाषा थेट कळत नाही. त्यामुळे माझ्यासोबत कायम एक दुभाषा असायचा. मी बोलायचो, तो संगणकाच्या भाषेत सांगायचा. स्वभावाने फार गुणी. माझं एखादं वाक्य दिवसातून शंभरदा येतंय असं दिसलं, की त्याचं भाषांतर तो पाठच करून ठेवायचा, आणि मग मी दिवस चढेल तसा अधिक चपळ व्हायचो. खोट एवढीच, की त्याचं सामान अफाट होतं. मी जागा व्हायचो तेव्हा आधी तो उठायचा, पेटारे उघडायचा, शब्दकोश मांडायचा, आणि मग मला म्हणायचा, "हं, बोल." यात चाळीस सेकंद जायची.

दवाखान्यातल्या मोठ्या संगणकावर याचं काही वाटत नसे. सकाळी कंपाउंडरमावशी बटण दाबून झाडू मारायला घेत, आणि त्यांचा झाडू दारापर्यंत पोचेतो मी तयार असे. दहा वर्षं मी तिथे मानाने राहिलो. "ठमीचा प्रोग्राम विसरत नाही हो," असं डॉक्टरीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिसऱ्या वर्षी एक निवृत्त घड्याळजी आपलं कासव दाखवायला घेऊन आले होते. त्याचं नाव त्यांनी विमान ठेवलं होतं. तेव्हा ते लाल पान पहिल्यांदा उघडलं, आणि सगळ्यांनी ते कौतुकाने पाहिलं. पुढे बरीच वर्षं ते पान मिटलेलंच राहिलं.

मग दवाखान्याने गाडी घेतली. लांबच्या वस्त्यांवर जाऊन जनावरं तपासायची, म्हणून गाडीत एक छोटी पेटी बसवली. त्या पेटीत आम्ही तिघं राहणार होतो: रस्ता दाखवणारा एक, लसींच्या फ्रिजचं तापमान पाहणारा एक, आणि मी. प्रत्येकाला हलकी भिंत घालून स्वतंत्र खोली दिली होती, म्हणजे एक आजारी पडला तरी दुसऱ्याला लागण होऊ नये. अशा खोलीला संगणकवाले कंटेनर म्हणतात. ते दोघं सडपातळ होते. मी मात्र दुभाषा आणि त्याचे पेटारे घेऊन आलो आणि निम्मी पेटी एकट्याने अडवली. शिवाय गाडी बंद केली की पेटीही बंद व्हायची, आणि प्रत्येक दारात मला नव्याने उठावं लागायचं. फ्रिजवाल्याला जागा कमी पडली की मला मधेच बाहेर काढलं जायचं.

"हा उठेपर्यंत म्हैस रेडकाला पाजून मोकळी होते," ड्रायव्हरकाका म्हणायचे.

"हसू नका, त्याचं वय झालंय," असं कंपाउंडरमावशी म्हणायच्या. ते तर मला जास्तच लागायचं.

हळूहळू ते मला सुरूच करेनासे झाले. मावशींनी पुन्हा वही आणली. ड्रायव्हरकाका पेटीवर आपला चहाचा थर्मास ठेवू लागले. शेवटी एका शुक्रवारी डॉक्टरीणबाई मुलीला म्हणाल्या, "ठमे, तुझा हा कारभार गाडीला झेपत नाही. आठवडाभर बघते, नाहीतर पुन्हा वहीच बरी."

ठमी आता नोकरी करत होती. तिने नुसती मान हलवली आणि त्याच जुन्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

तिने ठरवलं ते असं. वाटेत रोज भाषांतर करत बसण्याऐवजी माझं सगळंच्या सगळं भाषांतर घरीच, एकदाच करून टाकायचं. मग दुभाष्याची गरजच उरणार नाही. हे काम करणारा कंपायलर मोठा कडक असतो. तो माझ्या पहिल्या दारापासून चालत निघतो, जिथे जिथे वाट जाते तिथे खूण करतो, आणि जिथे वाट पोचत नाही ते सगळं अडगळ समजून मागे ठेवतो. पण मित्रांनो, माझ्या पानांकडे वाट कुठे होती? ती तर हाकेला ओ देऊन येत. आणि कोण कुणाला हाक मारणार, हे कंपायलरला आधी कसं कळावं?

ठमीला हे ठाऊक होतं. तिने त्यावर उपायही केला. दवाखान्यातल्या मोठ्या संगणकावर तिने माझ्यामागे एक टिपणीस सोडला. मी दिवसभरात ज्या ज्या पानाला हाक मारीन, त्याचं नाव त्याने टिपून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात साठ रुग्ण आले. गायी, म्हशी, कुत्रे, मांजरी, शेळ्या, एक घोडा, दोन ससे, शिव्या देणारा एक पोपट, आणि असे कितीतरी. टिपणिसाने सगळ्यांना टिपलं. "गर्दीचा दिवस मिळाला गं आई!" ठमी खुश होऊन म्हणाली. कासव त्या दिवशी आलं नव्हतं, आणि तिला ते आठवलंही नाही.

भाषांतर सहा मिनिटं चाललं. लॅपटॉपचा पंखा एवढा घोंगावला, की शेजारच्या काकू विचारायला आल्या. दुभाष्याचा निरोप घेताना मला भरून आलं. इतकी वर्षं माझा शब्द त्याने खाली पडू दिला नव्हता. तो गेला, आणि मी एकदम हलका झालो. जागं व्हायला पूर्वी चाळीस सेकंद, आता सेकंदाचा विसावा भाग. सोमवारी गाडीत मावशींनी बटण दाबलं आणि सवयीने खिडकीबाहेर बघत बसल्या.

"अहो मावशी, झाला की सुरू!" ड्रायव्हरकाका म्हणाले, आणि त्यांनी आपण होऊन थर्मास उचलला. त्या आठवड्यात वही कुणी उघडली नाही. मी हवेत होतो.

शनिवारी डॉक्टरीणबाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडीवर नवे डॉक्टर आले होते. हुशार होते, पण त्यांचा हात गुरांवर बसलेला. एका गल्लीच्या तोंडाशी घड्याळजी आजोबा उभे होते. त्यांच्या हातात वेताची पाटी, पाटीत विमान. नऊ दिवस त्याने काही खाल्लं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जंत झाले होते. त्यांनी माझ्यावर 'कासव' असं टाइप केलं. मी हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारायची सोय नव्हती. मला शिकवलं होतं तसं मी साधं पान पुढे केलं. पांढरं स्वच्छ पान. त्यावर एक अक्षरही लाल नव्हतं.

"यात काही सूचना नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सुई भरायला घेतली.

मित्रांनो, आवाज नसल्याचं दुःख मला त्या क्षणी जेवढं झालं, तेवढं कधीच झालं नाही. आपल्यातून काहीतरी हरवलंय एवढंच कळत होतं; काय, ते कळत नव्हतं.

"थांबा डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "कासवाचं पान लाल असतं."

"मावशी, इथे काहीच लिहिलेलं नाही."

"तेच म्हणते मी. याच विमानाला आणलं होतं तेव्हा मी पाहिलंय. एवढं मोठं लाल! काहीच नाही, असं होणार नाही. बाईंना फोन लावा."

फोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज गाडीभर ऐकू आला. "आधी ती सुई खाली ठेवा! ठेवलीत? आता ऐका."

विमानाला दुसरं औषध दिलं, तोंडावाटे. आजोबांना काय टळलं ते नीटसं कळलं नसावं. ते पाटी छातीशी धरून मावशींना म्हणाले, "याला घाई कधीच आवडत नाही हो."

दुपारी ठमी धावत आली. तिने माझी पानं मोजली, तर एकोणीसऐवजी सतरा. कासव गेलं होतं आणि त्याच्यासोबत बदकही. "एका दिवसाची गर्दी बघून मी समजले, की सगळे आले," असं ती आईला म्हणाली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "यादी कर," एवढंच त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांपूर्वी कंटाळा केलेली ती यादी ठमीने त्या दिवशी हाताने लिहिली, एकोणीस नावांची. मग ते साधं पान पुसून टाकलं. आता ओ आली नाही, तर मी पडदाभर अक्षरांत सांगतो: 'मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारा.' याची मला लाज वाटत नाही. तीनच आठवड्यांनी विमान पुन्हा आलं, वजन करून घ्यायला. माझं लाल पान उघडलं, आणि नव्या डॉक्टरांनी ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. विमान तोवर मावशींच्या चपलेचा पट्टा चावत होतं.

मित्रांनो, जुन्या गोष्टी हलक्या कराव्यात, मी काही त्याला नाही म्हणत नाही. मीही हलका होऊन सुखी आहे. पण काही मागे टाकण्याआधी हजेरी घ्या, आणि जो आज आला नाही त्याचंही नाव पुकारा. ठमी आजही माझं नवं भाषांतर करते तेव्हा आधी एकोणीस नावं घेते. सगळ्यात आधी कासवाचं. आणि मी, आवाज नसलेला, तेव्हा मनापासून ओ देतो.