कोंडात मासेमारी : नाही

सत्यजीत गुरुवारी सकाळी तो जाडजूड अहवाल घेऊन माझ्या घरी आला, तेव्हा मुलाचा बोर्डात नंबर आल्यासारखा खुशीत होता. पान एकशे चौदावर त्याने पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती.

"नीता, वाच. आपल्या मंडळाचं नाव छापून आलंय."

सत्यजीत आमच्या निसर्गसांगाती मंडळाचा अध्यक्ष. रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता, आता निवृत्त आहे, आणि छापलेलं काहीही त्याला पवित्र वाटतं. मी कार्यवाह. पनवेलच्या शाळेत भूगोल शिकवायचे. पोरं मला टरकून असायची आणि सत्यजीतही थोडा असतो. रविवारी मंडळाचा पस्तिसावा वर्धापनदिन होता. हॉल ठरला होता, तीनशे माणसांच्या चहा-बटाटेवड्याचं सांगून झालं होतं. मी समोर मानपत्र घेऊन बसले होते, कारण ते छपाईला द्यायचं होतं आणि अक्षरं जुळवणारा माणूस 'मत्स्य'चं काहीतरी भलतंच करून ठेवत होता.

चष्मा लावून मी ते पान वाचलं. 'प्रस्तावित भरावाच्या क्षेत्रातील नदीपात्राच्या खोलगट भागावर कोणत्याही व्यक्तीची उपजीविका अवलंबून नाही. सन १९९३ पासून सदर ठिकाणी मासेमारी झालेली नाही. आधार : निसर्गसांगाती मंडळ, पनवेल, यांच्या मासिक नोंदी.'

"अरे, हा आपला कोंड," मी म्हणाले.

"हो ना. आपला डेटा वापरलाय त्यांनी."

"सत्यजीत, ते कोंड बुजवणार आहेत."

त्याने अहवाल माझ्या हातातून घेतला आणि आता मागची-पुढची पानंही वाचली. नदीचं वळण सरळ करायचं, काठ भरून घ्यायचा, वर गोदामं बांधायची. हरकती घ्यायची शेवटची तारीख सोमवार. आपलं नाव सोडून बाकीचंही वाचावं, असं मी नववीच्या मुलांना सांगायचे. अध्यक्षांना सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. आपटा गावाच्या खालच्या अंगाला पाताळगंगा वळते, तिथे हा आहे. भरतीचं खारं पाणी तिथवर पोचतं आणि जिताडा, बोय, काळुंदर हे मासे तिथे वाढतात. काठावर चाळीस घरांचा कोळीपाडा. बत्तीस वर्षांपूर्वी आम्ही शहाणी माणसं तिथे गेलो आणि सांगितलं, की हा एक कोंड सोडा, इथे मासा वाढला तर सगळ्या नदीत पसरेल. पाड्यातले लोक आमच्या तोंडाकडे बघत राहिले. आमच्यापैकी एकालाही धड जाळं टाकता येत नव्हतं, आणि आम्ही त्यांना मासा शिकवत होतो. शेवटी काशिराम उठला. उंच, काटक, बोलायला कमी. घरातून नारळ आणून त्याने कोंडात सोडला आणि म्हणाला, "बाईंना जबान दिली. हितं जालं नाय." नारळ दिला म्हणजे विषय संपला. भावकीशी त्याचं भांडण झालं, धाकट्या भावाने चार वर्षं त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही, पण जाळं पडलं नाही.

आणि मी काय केलं, तर फॉर्म भरले. दर पौर्णिमेला मी किंवा मंडळाचं कोणीतरी कोंडावर जायचं. पाणी किती, पक्षी कोणते, मासे काय दिसले, आणि शेवटचा रकाना, 'मासेमारी : आहे / नाही'. मी 'नाही'खाली तांबड्या शाईने रेघ मारायचे. फार अभिमान होता मला त्या रेघेचा. बत्तीस वर्षांच्या त्या रेघा कोणीतरी शांतपणे वाचल्या आणि त्यांतून अर्थ काढला की इथे कोणाला काही नकोच आहे.

शुक्रवारी मी वरदला गाठलं. वरद माझा भाचा, वकील आहे, खारघरला ऑफिस आहे. त्याने सगळं वाचलं आणि पेन टेबलावर आपटत बसला.

"मावशी, पक्षी, मासे, हे सगळं लिहू आपण. पण त्यांना अडवेल अशी एकच गोष्ट आहे. ह्या कोंडावर कोणाचं तरी पोट आहे, असं त्या पोटानेच सांगायला हवं. आम्ही इथे मासे मारतो, आधीपासून मारतो, असं प्रतिज्ञापत्र."

"मारत नाहीत ना पण."

"हो, पण हे तूच लिहून ठेवलंयस."

"आणि तुझ्या ह्या कागदाने वाचेल?"

"दहात एक," तो म्हणाला. "कागद नसेल तर तोही नाही. आणि तुलाही लिहून द्यावं लागेल, की तुमच्या नोंदी अपुऱ्या होत्या."

मी त्याला कागद टाईप करायला सांगितला. मी आयुष्यात परीक्षेत कोणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही, आणि त्या दिवशी खोटा मसुदा शुद्धलेखन तपासून घेतला. माझा मलाच राग येत होता, पण त्याहून जास्त राग पान एकशे चौदाचा येत होता.

शनिवारी सकाळी हौसाकडे गेले. हौसा काशिरामची बायको. काशिराम जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून पाड्यात तिचा शब्द चालतो. रविवारचं मानपत्र तिलाच होतं. आठवड्यापूर्वीच मी ते तिला ओटीवर बसून वाचून दाखवलं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली होती, "त्ये जालं नाय पडलं वाक्य पुना वाचा." मी पुन्हा वाचलं होतं. 'गेल्या बत्तीस वर्षांत ह्या कोंडात एकदाही जाळं पडलेलं नाही.' तिने मान हलवली होती आणि मला पापड खायला दिले होते.

ती मला तुमी म्हणते, मी तिला तू. इतक्या वर्षांत हे काही बदललं नाही, आणि बदलायला हवं होतं हे मला त्या दिवशी ओटीवर सुचलं, जेव्हा सुचून काही उपयोग नव्हता.

मी काही लपवलं नाही. अहवाल, गोदामं, माझ्या तांबड्या रेघा, वरदचा दहात एक, सगळं सांगितलं. ती सुकत घातलेली बोंबलाची वळ नीट करत ऐकत होती.

"म्हंजे आमी खाल्लं नाय म्हनून आमचं नाय," ती म्हणाली.

"हो."

"आनि आता लिवायचं का खाल्लं."

"हो, हौसा."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद मांडीवर घेतला. सही मीच शिकवली होती तिला, साक्षरता वर्गात. सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत तिने सही केली. मग कागद माझ्याकडे देता देता थांबली.

"बाई, ह्यात एक दिस सोडता येल का?"

"कसला दिवस?"

"म्हातारा आजारी व्हता तवाचा. तुमी आल्तात बगायला. सफरचंदं आनलीवती."

मला आठवत होतं. पौष होता. काशिराम भिंतीला टेकून बसला होता, पोटाच्या दुखण्याने पार वाळला होता. काय बोलावं कळेना, म्हणून मी त्याला कोंडाची बातमी सांगितली होती. आत्ताच बघून आले, काशिराम, तीन मोठे जिताडे उसळताना दिसले, तुझ्यामुळे आहेत. तो हसला होता. घरी जाताना मला फार बरं वाटलं होतं.

"तुमी गेलात आनि म्हातारा म्हनाला, जिताड्याचं कालवन कर. आठ दिस प्वाटात अन्न नव्हतं त्याच्या. मी म्हनलं, आनते बाजारातून. म्हनाला, बाजारातला नको, कोंडातला आन. वीस वर्सं मी राखलाय, मरताना एक खाल्ला तर काय व्हतंय."

हौसा हे सगळं सरळ आवाजात सांगत होती.

"जालं खुंटीला व्हतं. कोंड हितं, हाकेवर. मी पनवेलच्या बाजारात गेलते नि तितून जिताडा आनला. कालवन केलं, पुढ्यात ठेवलं. त्याने वास घेतला आनि म्हनाला, ह्यो आपला नाय. हात लावला नाय बगा. तिसऱ्या दिसाला गेला."

"हौसा, मला सांगायचं होतंस. मी म्हटलं असतं, टाक जाळं."

"म्हनून तं नाय सांगितलं," ती म्हणाली. "तुमी हो म्हनला असतात. मंग जबान कसली ऱ्हायली?"

मी ओटीवर बसून रडले. शाळेत मला रडताना कोणी पाहिलेलं नाही, घरीही फारसं नाही. हौसाने मला पाणी दिलं आणि पुन्हा तेच म्हणाली, की तेवढा एक दिवस सोडून लिहा. मी म्हणाले, लिहिते. प्रतिज्ञापत्रात असं काही लिहिता येत नाही हे मला ठाऊक होतं.

रविवारी हॉल भरला. आमचे जुने सभासद, कॉलेजची मुलं, खारघर-पनवेलचे डॉक्टर-इंजिनियर जे पक्षी बघायला आमच्याबरोबर येतात, पुढच्या रांगेत मोबाईल धरून पत्रकार. पडद्यावर कोंडाचा फोटो होता, सत्यजीतने काढलेला, संध्याकाळच्या उन्हातला. सत्यजीत भाषणात म्हणाला की लोकसहभागातून संवर्धन म्हणजे काय हे पनवेलने दाखवून दिलं. अहवालाबद्दल, हौसाच्या सहीबद्दल तो काही बोलला नाही. कार्यक्रम पार पडू दे, मग बघू, असं आमचं ठरलं होतं. खरं म्हणजे त्याचं ठरलं होतं आणि मी गप्प बसले होते.

हौसा स्टेजवर आली. हिरवं लुगडं, अंबाड्यात चाफा, दोन्ही हातांत शाल आणि नारळ. मी तिच्या शेजारी उभी राहून मानपत्र वाचायला लागले. माझ्या खांद्याला पर्स होती आणि पर्समध्ये तिची सही.

ते वाक्य आलं तेव्हा मी ते गाळलं. एवढ्या पत्रकारांसमोर ते वाचलं असतं तर सोमवारचा कागद कोणी हातातही धरला नसता. मी सराईतपणे खालच्या ओळीवर गेले.

"बाई," हौसा हळूच म्हणाली, "एक वाक्य ऱ्हायलं."

मी माईकवर हात ठेवला. "ते वाचलं तर कालचा कागद फुकट जाईल. कोंड जाईल, हौसा."

"दहात एक म्हनलात ना तुमी?"

"हो."

"जालं नाय पडलं, ह्ये खरं का खोटं?"

"खरं."

"मंग वाचा. कागद फाडून टाका. मी काल सही केली आनि मला रातभर त्याचं तोंड दिसत ऱ्हायलं, कालवन पुढ्यात घेतलेलं. रोज मारत व्हतो असं म्हनलं, तं म्हातारा कशाला तसा गेला?"

खाली लोक वाट बघत होते. सत्यजीत खुर्चीत पुढे सरकला होता आणि मान नाही-नाही अशी हलवत होता. मला दहातला तो एक हवा होता. मला तो कोंड इतका हवा होता की माझी बत्तीस वर्षं खोटी म्हणून लिहून द्यायला मी तयार होते. पण माझी बत्तीस वर्षं म्हणजे फॉर्म होते. तिची तशी नव्हती.

मी वाचलं. 'गेल्या बत्तीस वर्षांत ह्या कोंडात एकदाही जाळं पडलेलं नाही.' मानपत्रात 'समस्त कोळी बांधवांनी' असं होतं, तिथे मी काशिरामचं नाव घेतलं. आणि त्याच्या जोडीने हौसाचं.

सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. त्या लोकांना काहीच ठाऊक नव्हतं आणि तरी ते योग्य ठिकाणी टाळ्या वाजवत होते, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

हौसा नारळ छातीशी धरून उभी होती. टाळ्यांच्या आवाजात तिला काय म्हणायचं आहे ते ऐकायला मी वाकले.

"तीन व्हते म्हनलात ना तवा? जिताडे?"

"तीन."

"त्ये बी कुटं तरी लिवून ठेवा."

"लिहिलंय," मी म्हणाले.

आणि लिहिलं होतंच. मंडळाच्या कपाटात तो कागद अजून आहे, माझ्याच अक्षरात. जिताडे : मोठे, तीन. मासेमारी : नाही. 'नाही'खाली तांबडी रेघ.